नळीचे माप

हावड्याकडून नागपूरकडे येणारी गाडी ‘भंडारा रोड’ या पाटीपाशी थांबली, की नवखा प्रवासी आपण भंडाऱ्यास पोहोचलो या समजुतीने सामान उतरवतो. प्रत्यक्षात तो वरठीत उभा असतो, आणि ज्या शहराच्या नावाने हे स्थानक रेल्वेच्या दप्तरी नोंदले गेले ते तेथून दहाएक किलोमीटरवर, वैनगंगेच्या आश्रयाने वसलेले असते. मोहाडी तालुक्यातील या गावाची ओळख आता सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याने होते. रात्रपाळी संपवून सायकलींवरून परतणारे कामगार, मालगाड्यांची खडखड आणि त्या खडखडाटाच्या पलीकडे निमूट पसरलेल्या धानाच्या बांध्या, असे वरठीचे सकाळचे रूप आहे. मी गेलो तेव्हा भाद्रपद सरत आला होता, हलका धान लोंबीवर आला होता, आणि बांधीच्या धुऱ्यावर ठिकठिकाणी रात्रीच्या राखणीसाठी माळे उभे राहिले होते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘माप’ हा विषय दिला, तेव्हा मला प्रथम आठवली ती नागपुरातील एका स्नेह्याने सांगितलेली हकीकत. वरठीतील एका वृद्ध गृहस्थांना, ज्यांचा पुतण्या अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक झाला आहे, त्या पुतण्याने दूरध्वनीवरून विचारले होते, की काका, मला रायफल घ्यायची आहे. हरणाच्या शिकारीलाही चालावी आणि दूरच्या लक्ष्यावर नेमबाजी करण्यासही उपयोगी पडावी, तर नळीचे माप कोणते घेऊ? या प्रश्नाचे उत्तर द्यायला काकांनी तीन आठवडे घेतले. माप या गोष्टीविषयी इतका दीर्घ विचार करणारा माणूस आपण पाहिला पाहिजे, असे वाटून मी त्यांच्या दारी गेलो. ते जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, पूर्वीच्या मालगुजार घराण्यातील. गावात त्यांना सारे आबाजी म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो.

पितळी डब्यातील पाच वस्तू

ओसरीवर चटई अंथरून आबाजींनी पानाचा असतो तसा एक पितळी डबा पुढे ठेवला आणि त्यातून एकेक वस्तू काढून ओळीने मांडली: शिशाचा एक काळवंडलेला गोळा आणि काडतुसांच्या चार रिकाम्या पुंगळ्या. “यातली एकही जिवंत नाही जी,” ते म्हणाले. “जिवंत काडतुसांचा हिशेब परवान्यात असतो. हा फक्त अभ्यास हाय.”

शिशाचा गोळा भरमार बंदुकीचा, म्हणजे जिच्यात तोंडाकडून दारू आणि गोळी ठासून भरतात तिचा. त्याच्या शेजारी बारा बोअरची जाड पुंगळी. बारा हा आकडा इंच, मिलीमीटर वगैरे कशाचाच नाही: एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी, आणि तिचा व्यास भरतो साडेअठरा मिलीमीटर. म्हणून या मोजणीत आकडा वाढला की नळी लहान होते. वीस बोअर बारापेक्षा बारीक. रायफलीची मोजणी याच्या उलट, सरळ व्यासाची. पॉइंट बावीस म्हणजे इंचाचे शंभरांश बावीस, ५.६ मिलीमीटर, तीनशे पंधरा म्हणजे इंचाचे सहस्रांश तीनशे पंधरा, ८ मिलीमीटर, आणि ज्याला सगळे ‘थर्टी-ओ-सिक्स’ म्हणतात त्यातील तीस हा इंचाच्या शतांशांचा आकडा असला तरी पुढचा शून्य-सहा हे माप नसून साल आहे, अमेरिकी सैन्याने ते काडतूस १९०६ मध्ये स्वीकारले त्याचे. आकड्यांची ही भाषा अशी गुंतागुंतीची असल्यामुळे, नवशिका मनुष्य मोठा आकडा म्हणजे मोठे सामर्थ्य असे समजून चालतो आणि तेथेच पहिली चूक करतो.

तीनशे पंधराची पुंगळी आबाजींनी माझ्या हातात दिली आणि बूड पाहायला सांगितले. टोपीच्या भोवती ‘के. एफ.’ ही अक्षरे कोरलेली होती: किरकी फॅक्टरी, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ साली उभा राहिलेला दारूगोळा कारखाना. हे माप हिंदुस्थानात रुजले त्याचे कारण शिकारीत नाही, राज्यकर्त्यांच्या भयात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज सरकारने सैन्यात चालणारी मापे खासगी माणसाच्या हाती पडू नयेत असा बंदोबस्त केला, कारण सरकारी गोदामातून चोरलेली काडतुसे बंडखोरांच्या बंदुकीत बसता कामा नयेत. तेव्हा इंग्रज कारागिरांनी सैनिकी धाटणीचीच रायफल, परंतु ऑस्ट्रियातील मॅनलिखर बंदुकीच्या आठ मिलीमीटर काडतुसासाठी बनवून इकडे पाठवली; पुढे इच्छापूरच्या कारखान्यात तिची निर्मिती होऊ लागली आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय परवानाधारकाची नेहमीची रायफल झाली. २४४ ग्रेन, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम वजनाची तिची गोळी मंद पण भारी चालते.

दारू बदलली, नळी आखडली

मध्य प्रांताच्या अरण्यांत ज्यांनी मापाचा प्रश्न प्रथम शास्त्रीय रीतीने मांडला त्यांत कॅप्टन जेम्स फोर्साइथ यांचे नाव घ्यावे लागते. नेमाडच्या जमाबंदीचे काम केलेला हा अधिकारी. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरील त्याचा ग्रंथ १८७१ साली निघाला आणि त्याच वर्षी तो वारला. त्यापूर्वी त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी एवढ्याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्याचे म्हणणे असे, की जंगलात जनावर दिसते ते जवळ, क्षणभर आणि अंदाजाने मोजलेल्या अंतरावर. तेव्हा नळी रुंद असावी, आतील आटे अगदी सावकाश वळणारे असावेत, गोळी वाटोळी असावी आणि दारू भरपूर असावी, म्हणजे गोळी थोड्या अंतरात फारशी न वाकता जाईल आणि आघातही मोठा करील.

त्याच्या काळाला ते योग्यच होते, कारण काळी दारू गोळीला एका मर्यादेपलीकडे वेग देऊ शकत नसे. वेग वाढवता येत नाही म्हटल्यावर आघात वाढवण्याचा उपाय वजन वाढवणे हाच उरत होता आणि वजन वाढले की नळी रुंद होत होती. ही कोंडी फोडली रसायनशास्त्राने. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे कापसाच्या तंतूवर नत्राम्लाची क्रिया करून बनणाऱ्या द्रव्यापासून, धूर न करणारी दारू तयार केली. दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याची आठ मिलीमीटरची रायफल आली आणि अकरा मिलीमीटरच्या नळ्या पाहता पाहता जुन्या झाल्या. आजच्या साऱ्या बारीक मापांचे मूळ त्या दारूत आहे.

आबाजींनी अशा दारूच्या सान्निध्यात नोकरी काढली. जवाहरनगरची निर्माणी १९६४ साली उभी राहिली. प्रणोदके आणि स्फोटके बनवणे हे तिचे काम. गावचे लोक त्या साऱ्याला एकाच शब्दात ‘दारू’ म्हणतात. आत काय केले याविषयी आबाजी अवाक्षर बोलत नाहीत, मीही विचारले नाही. फक्त एकदा, बोलता बोलता ते थांबले. २४ जानेवारी २०२५ रोजी त्या निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. “दारू कोणाला ओरखत नाही,” एवढेच म्हणाले आणि डब्यातील वस्तू उगाचच पुन्हा सरळ लावू लागले. झाडीबोलीत ‘ळ’चा उच्चार ‘र’ होतो. त्यांच्या तोंडी गोळीची ‘गोरी’ होते, आणि त्या मवाळ उच्चारात या द्रव्याविषयीचा त्यांचा धाक मला अधिकच जाणवला.

तीन दिवसांचे चितळ

मराठीत आपण ‘हरीण’ या एका शब्दात पुष्कळांना कोंबतो. चितळ, सांबर आणि भेकर यांची फाटे फुटणारी शिंगे गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चौसिंगा आणि वऱ्हाडी माणूस जिला रोही म्हणतो ती नीलगाय यांची शिंगे जन्मभर टिकतात, ते वेगळे कुल. वजनातही केवढे अंतर आहे! भेकर वीस-पंचवीस किलोचे, चितळाचा नर सत्तर-ऐंशीचा, सांबराचा नर दोनशेच्या पुढे. ‘हरणासाठी कोणते माप’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा असतो.

त्या प्रश्नाचे गांभीर्य आबाजींना दहाव्या वर्षी कळले. साठीच्या दशकात शिकारीचे परवाने मिळत. नागपुरातून अॅल्विन कूपरसारख्या कंपन्या परदेशी पाहुण्यांसाठी मोहिमा काढीत. आणि मालगुजारी गेली तरी जुन्या घरांतून पाहुणा आला की रानात जाण्याचा रिवाज टिकून होता. असाच एक पाहुणा पॉइंट बावीस रायफल घेऊन आला होता. नेम उत्तम होता, आणि नेम उत्तम असला की माप कोणतेही चालते अशी त्याची खात्री होती. ऐंशी पावलांवरून त्याने चितळाच्या खांद्यावर धरलेली गोळी खांद्यावरच लागली. चितळ उसळले आणि नाहीसे झाले. रक्ताचे चार थेंब, पुढे काही नाही. तिसऱ्या दिवशी गुराख्याने येऊन सांगितले, की नाल्यात एक चितळ बसले आहे, उठत नाही. आबाजी वडिलांच्या मागोमाग गेले. “जिवंत होतं. मान वर करून पाहात होतं,” ते म्हणाले. “बापूंनी मला मागं वळायला सांगितलं, मंग आवाज आला.” त्या दिवसानंतर त्यांच्या घरची पॉइंट बावीस रानात गेली नाही.

यात काय घडले ते समजून घेण्यासारखे आहे. पॉइंट बावीसची गोळी असते अडीच ग्रॅमच्या आसपास आणि नळीतून निघताना तिची ऊर्जा साधारण १४० जूल. थर्टी-ओ-सिक्सची पावणेबारा ग्रॅमची गोळी सुमारे ३,९०० जूल घेऊन निघते. पहिली खांद्याच्या हाडाशी अडते. दुसरी हाड फोडून फुप्फुसापर्यंत पोहोचते, आणि तिचे टोक मऊ शिशाचे असेल तर आत गेल्यावर उमलून रुंद होते, त्यामुळे जनावर बहुधा काही पावलांतच कोसळते. टोक पूर्ण तांब्याने मढवलेले असेल, तर तीच जोरकस गोळी अंगातून आरपार निघून जाऊ शकते आणि मरण लांबते. तेव्हा मापाइतकेच महत्त्व गोळीच्या घडणीला आहे. इंग्लंड-वेल्सच्या १९९१च्या हरीणविषयक कायद्याने हे माप लेखी उतरवले आहे: सर्वसाधारण हरणासाठी रायफल पॉइंट दोनशे चाळीसपेक्षा लहान नसावी, नळीच्या तोंडाशी ऊर्जा २,३०५ जूलपेक्षा कमी नसावी, आणि गोळी मऊ किंवा पोकळ टोकाचीच असावी, आपल्या भेकराच्या कुळातील लहानग्या मुंटजॅकसाठी मात्र पॉइंट दोनशे वीस आणि १,३५६ जूल एवढी सवलत. त्या कायद्यात शिकाऱ्याच्या यशाची चिंता नाही. हरणाच्या वेदनेला जूलांत मोजून तिच्यावर घातलेली ती मर्यादा आहे, आणि मला ती मानवी बुद्धीची एक सन्माननीय कृती वाटते.

पुतण्याचा प्रश्न यामुळेच आबाजींना जड गेला. टेक्सासमध्ये १९३२ साली हिंदुस्थानी चितळ नेऊन सोडले गेले, ते तेथे फोफावले, आणि परके जनावर म्हणून त्यांची शिकार तेथे राजरोस चालते. म्हणजे इकडे वरठीजवळच्या कोक्याच्या जंगलात पाणवठ्यावर उभे असते तेच चितळ पुतण्याच्या दुर्बिणीत येणार.

परवान्यावरील रकाना

इकडे तो प्रश्न कायद्याने संपला आहे, आणि संपला हे उत्तम झाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही मर्यादित शिकारीचे परवाने देण्याची तरतूद काही वर्षे होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही काढून टाकली. वरठीपासून फार दूर नसलेले कोका हे २०१३ साली अभयारण्य झाले. उरला तो शेतकऱ्याचा प्रश्न, आणि तो खरा आहे: लोंबीवर आलेल्या बांधीत रात्री रानडुकरांचा कळप शिरला तर सकाळी जे दिसते त्याला नासाडी हा शब्द पुरत नाही. अशा जनावराला मारण्याची अनुमती वनाधिकाऱ्याकडून मागता येते. परंतु अर्ज, पंचनामा आणि हुकूम एवढे होईपर्यंत हंगाम थांबत नाही, म्हणून माळ्यावर बसून डबे बडवणारा माणूसच अजून पिकाचा मुख्य रक्षक आहे.

१९५९च्या शस्त्र कायद्याचे तेरावे कलम मी त्या दिवशी आबाजींसोबत पुन्हा वाचले. परवाना कोणास द्यावा हे सांगताना कायद्याने प्रत्येक प्रयोजनाशी एकेक नळी बांधली आहे: पीकसंरक्षणासाठी भरमार, संरक्षण अथवा क्रीडेसाठी निदान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, आणि नेमबाजीच्या सरावासाठी, मान्यताप्राप्त रायफल संस्थेच्या सभासदास, पॉइंट बावीस किंवा हवेची रायफल. याउलट ३०३ आणि ७.६२ मिलीमीटर ही सैनिकी मापे सामान्य नागरिकास वर्ज्य. टेक्सासच्या दुकानात पुतण्याला सहज मिळणारी ३०८ विंचेस्टर, जिच्या नळीत ७.६२चे सैनिकी काडतूस बसते, ती काकांना परवान्यावर मिळणार नाही. इंग्रजांच्या मनातील चोरलेल्या काडतुसांची भीती रूप बदलून आजच्या नियमांत नांदते आहे.

आबाजींकडे वडिलार्जित तीनशे पंधरा आहे. निवडणूक जाहीर झाली की ती ठाण्यात जमा होते, निकालानंतर परत येते. परवान्याची मुदत २०१९च्या दुरुस्तीनंतर तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. तिच्यातून शेवटची गोळी केव्हा सुटली हे विचारल्यावर त्यांनी बोटांवर मोजले आणि मोजणे सोडून दिले.

दहा पूर्णांक चार मिलीमीटर

मागच्या पडवीत, भिंतीपासून मोजून दहा मीटरवर, त्यांची नात उभी होती. जाड सुती अंगरखा, हातात हवेची रायफल, समोर भिंतीवर काळे वर्तुळ. छर्रा भरलेला नव्हता. नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, चाप दाबायचा, आणि चाप सुटल्यावरही नेम हलला नाही ना ते पाहायचे, असा नुसता सराव ती तासभर करीत होती. पंधरा दिवसांतून एकदा ती नागपुरास जाते, तेथे पॉइंट बावीसवर पन्नास मीटरचा सराव होतो. ज्या मापाला आजोबांच्या घरी रानात बंदी झाली, तेच माप नातीच्या हाती आले आहे, आणि या कामाला त्याच्याहून योग्य माप नाही.

कारण कागदाला वेदना नसते; तेथे ऊर्जा नको, सारखेपणा हवा. पन्नास मीटरवरील लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलीमीटर व्यासाचे, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडेसे मोठे. तीनशे मीटरच्या मोठ्या मापाच्या स्पर्धेत दहाचे वर्तुळ १०० मिलीमीटरचे असते. अंतराच्या प्रमाणात पाहिले तर पन्नास मीटरचे वर्तुळ अधिक कठोर ठरते, कारण तेच तीनशे मीटरवर नेले तर बासष्ट मिलीमीटरच भरेल. पॉइंट बावीसची स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाहून किंचित कमी, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे ध्वनीची सीमा ओलांडताना होणारी थरथर तिला बाधत नाही. पन्नास मीटर जाईपर्यंत ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. ते नेहमी तितकेच येत असल्याने दृष्टियंत्र लावून भागवता येते. वारा मात्र प्रत्येक क्षणी वेगळा. म्हणून नेमबाज आपल्या नळीला कोणत्या खेपेची काडतुसे मानवतात ते तपासून घेतात. एकाच कारखान्याच्या दोन खेपा एकाच नळीतून निराळ्या पडतात.

याच मापावर तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या. याच मापावर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणले. स्वप्नील मध्य रेल्वेत नोकरीस, ही गोष्ट वरठीसारख्या रेल्वेच्या गावात मोठ्या आपुलकीने सांगतात. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन करण्यात लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांचा पुढाकार होता, आणि आजही देशभरातील नवे नेमबाज त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून वर येतात. नातीची तयारी त्याच स्पर्धेसाठी चालली आहे.

आता पुतण्याचा प्रश्न. दूरच्या लक्ष्यासाठी बारीक, लांबट गोळी श्रेष्ठ, कारण ती हवेला कमी अडते, वेग राखते आणि वाऱ्याने कमी ढळते. तिला फिरवण्यासाठी फोर्साइथच्या सावकाश आट्यांऐवजी जलद आटे लागतात. २००७ साली निघालेले साडेसहा मिलीमीटरचे क्रीडमूर काडतूस मुळात याच कामासाठी घडवले गेले, आणि सुमारे तीन हजार जूल ऊर्जा असल्याने चितळालाही पुरते. थर्टी-ओ-सिक्स सांबराएवढ्या जनावरालाही भारी पडते, परंतु तिचा धक्का खांद्याला जाणवतो, आणि धक्क्याच्या भीतीने चाप दाबण्याआधीच पापणी मिटू लागली की नेम गेलाच. मापाच्या निवडीत माणसाच्या खांद्याचाही विचार करावा लागतो, हे पुस्तकी चर्चेत फार वेळा राहून जाते.

आबाजींनी अखेर पुतण्याला साडेसहा मिलीमीटर सांगितले, दोन अटींवर. कागदासाठी आणि जनावरासाठी काडतुसे वेगळी ठेवायची, कागदाची गोळी चितळावर चालवायची नाही. आणि दूरच्या लक्ष्यावर हात बसला म्हणून तेवढ्या अंतरावरून चितळावर गोळी टाकायची नाही. हजार मीटरवर कागद वाट पाहतो, चितळ गोळी निघाल्यावरही पाऊल उचलते. “त्याला म्हटलं, दीडशे पावलांच्या आत जाता येत नसेल तर घरी ये,” ते मला म्हणाले. “काहून का, शोधायला तिथं आपला गुराखी नाही.”

सराव संपवून नात ओसरीवर आली आणि मांडलेल्या पुंगळ्यांशेजारी बसली. तिने नागपुरात पहिल्यांदा दहा गुण घेतले तेव्हाची पॉइंट बावीसची पुंगळी प्रशिक्षकांनी तिला आठवण म्हणून दिली होती. “आजोबा, ही पण डब्यात राहू द्या,” असे म्हणून तिने खडकीची ती तीनशे पंधरा उचलली, तोंड वर करून धरली आणि आपली पुंगळी तिच्यात सोडली. ती अलगद आत उतरली, बुडाशी जाऊन किणकिणली. आबाजींनी डब्याचे झाकण लावले.